रकाना चौथा : अंतर

एक कोंबडा.

मंगळवार आणि शुक्रवार.

टेबल. त्यावर धुतलेली चादर, चादरीवर चार शहाळी. टेबलाचे दोन पाय गावाच्या हद्दीबाहेर. उरलेले दोनही बाहेरच.

समुद्रातल्या दिव्याला तिकीट नसते.

एकूण उतारू : सहा.

एकोणीस हजार एकशे चाळीस.

"सायबाक पाणी कोण देतलो?"

*

मी मुंबईला एका कापडाच्या पेढीत बावीस वर्षे जावक बारनिशी लिहिली. पेढीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला क्रमांक द्यायचा, तारीख टाकायची, आणि पत्र सोडून द्यायचे. ते पोहोचले का, वाचणाऱ्याने पुढे काय केले, हे पाहणे माझ्याकडे नव्हते. हे आधी सांगून ठेवतो. पुढे जे झाले त्यात माझा दोष किती, हे ठरवताना उपयोगी पडेल.

काजरवण्याला परत आलो तेव्हा गावात अक्षर चांगले असलेला दुसरा माणूस नव्हता. त्यामुळे गावाला सरकारी मोटार मागणारा अर्ज माझ्याकडे आला. खरे तर तो माझ्याच घरातून निघाला. माझी थोरली बहीण यशोदा, माझी आक्का, हिला छातीचा आजार झाला. मालवणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले : आठवड्याला दोन सुया, मंगळवारी आणि शुक्रवारी, अठरा महिने. एकही चुकवायची नाही. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

घरात आम्ही दोघेच. आक्का एकसष्ट वर्षांची, मी अठ्ठावन्न. तिच्या लेखी मी अजून बाळाच. मंगळवारी पहाटे ती पदर खोचून, हातात तुळशीची माळ घेऊन निघे आणि दिवस कलता परत येई. माळेचा एक मणी एका पावलाला, असा तिचा जप. सुरुवातीला चार वेळा मी सोबत गेलो. मग माझी टाच दुखू लागली, आणि शिवाय कुणीतरी घरी बसून अर्ज लिहायला हवा होता.

सरकारी अर्जाचा छापील नमुना येतो. त्यात सात रकाने. गावाचे नाव, लोकसंख्या, रस्त्याचा प्रकार वगैरे. चौथा रकाना : तालुक्याच्या ठिकाणापासून अंतर. मी शाळेतल्या जुन्या नकाशावर पट्टी ठेवली आणि पाच मैल लिहिले. नकाशावर पट्टी सरळ ठेवतात. रस्ता दोन व्हाळ म्हणजे ओढे, एक घाटी आणि मानकरी गुरुदास याच्या आजोबांनी अडवलेली एक वाट यांना वळसा घालून जातो, हे मला माहीत होते. पण छापील नकाशाशी वाद घालायची मला सवय नव्हती.

आक्का पायरीवर बसली होती. म्हणाली, "अंतर माका इचार. मी चलतंय."

"आक्का, ह्यां हापिसचा काम आसा. तुका मैल कळतत?"

"मैल कळणत नाय. पाय कळतत."

मी हसलो. ते हसणे मला आता जसेच्या तसे आठवते, आणि ते सुंदर नव्हते.

*

जावक क्रमांक १. पाच महिन्यांनी उत्तर : "अंतर सहा मैलांच्या आत असल्याने पायी जाण्याजोगे आहे. सबब मोटारीची आवश्यकता दिसत नाही."

मी उत्तर देवळात वाचून दाखवले. गुरुदास गावकर हा आमच्या रवळनाथाचा पहिला मानकरी. देवाच्या वतीने बोलायची सवय असल्याने तो माणसांशीही तसाच बोलतो.

"पाच? पाच मैलार माझो बैलसुदा दमणा नाय. नऊ घाल, नऊ. सरकाराक दुप्पट सांगूक व्हया, मगे तां अर्ध्यार येता."

"अकरा," बाबली म्हणाला. बाबलीची खाडीवर होडी चालते. गावात मोटार नको असणारा तो एकटाच, म्हणून सभेला सर्वांत आधी हजर. "माझो आजो अकराच सांगी. आणि गाडी इली काय माझी होडी सुकतली, तां पण लिव."

"तां खंयच्या रकान्यात लिवू?"

"सात रकाने आसत मां? एक माका देवा."

गुरुदासाचा मान मोठा, म्हणून नऊ खरे. पण बाबलीचा आजा मेलेला, आणि मेलेल्या माणसाचे मत परत घ्यायला लावता येत नाही. शेवटी सर्वांच्या अब्रूचा विचार करून दहा लिहिले. जावक क्रमांक २.

त्या वर्षी पावसात मोठा व्हाळ अकरा दिवस उतरला नाही. आक्काच्या तीन सुया चुकल्या. डॉक्टरांनी जुना कागद फाडला आणि नवा केला. त्याच आठवड्यात माझा अर्ज परत आला : अंतर मैलांत दिले आहे, ते किलोमीटरमध्ये द्यावे. आक्काचा आणि माझा, दोघांचाही क्रमांक पुन्हा एक.

*

दहा मैलांचे सोळा किलोमीटर केलेला अर्ज घेऊन मी स्वतः कचेरीत गेलो. चालत. टाच धरून.

तिथले साहेब सभ्य होते. तरुण, चष्मा, खिशात दोन पेने. ते म्हणाले, "काका, दहा मैल का लिहिलंत? आठाच्या वर गेलं की प्रकरण वरच्या कचेरीत जातं. सहाच्या आत आलं की नामंजूर. सहा ते आठ असतं ना, तर मीच सही केली असती. महिन्याभरात गाडी."

"मग सात लिहितो."

"आता कसं लिहिणार? एका अर्जात पाच, एका अर्जात दहा. तिसऱ्यात सात लिहिलंत तर खोटी माहिती दिली म्हणून तुमच्यावरच प्रकरण उभं राहील."

मी म्हटले, "मग सरकारनं मोजावं."

"मोजणी बांधकामवाल्यांकडे. ते कधी येतील सांगता येत नाही. आणि काका, खरं सांगू? तुमच्या मार्गावर गाडी तोट्यातच जाणार. सरकारनं तोट्यात किती गाड्या चालवायच्या?"

या प्रश्नाची मी रात्रंदिवस तयारी केली होती. म्हटले, "साहेब, बंदराबाहेर खडकावर दिवा आहे. सरकार रोज तेल घालतं. तिथे कोण तिकीट काढतं? त्या दिव्याचा नफा कुठल्या वहीत लिहितात? गलबत फुटलं नाही, एवढाच ना? तसा आमच्याकडे एक माणूस फुटला नाही, असं धरा. धरणाला पैसा आहे, कारखान्याला आहे, मग म्हातारीला मंगळवारी सात मैल न्यायला का नसावा?"

साहेबांनी विचार केला. मला वाटले, पटले.

"दिवा वेगळ्या खात्याकडे आहे," ते म्हणाले.

*

वरच्या कचेरीने एक वर्ष विचार केला आणि कळवले की पाहणी अधिकारी गावाला भेट देऊन उतारूंची संख्या अजमावतील. १४ डिसेंबर १९६०, सकाळी दहा.

गावात आनंद. गुरुदासाने मला देवळात मानाच्या जागेच्या खालच्या पायरीवर बसवले. आयुष्यात पहिल्यांदा. आठ दिवस मी त्या पायरीवर होतो.

नवव्या दिवशी देवाने गावपळणीचा कौल दिला.

हे आमच्याकडचे आहे, म्हणून सांगायला हवे. चार वर्षांनी एकदा देवाला गाव रिकामा लागतो. कौल झाला, तारीख ठरली की ढोल वाजतो आणि सगळे गाव, गुरे-कोंबड्या-मांजरांसकट, हद्दीबाहेर जाऊन तीन दिवस खोपी घालून राहते. घरे उघडी, चुली थंड. त्या तीन दिवसांत गावात पाय टाकायचा नाही. शाळा बंद, दुकाने बंद, भांडणे बंद. गाव कोण वापरते ते विचारायचे नाही.

तारीख : १२ ते १४ डिसेंबर.

मी गुरुदासाकडे धावलो.

"परत कौल लाव. एक आठवडो पुढे."

"देवाक तारीख बदलूक सांगू? तुझो सायब कोण, रवळनाथाचो जावय?"

मग मी कचेरीला लिहिले की ग्रामस्थ त्या दिवशी गावात नसतील, तारीख बदलावी. उत्तर लगेच आले, हे पहिल्यांदाच : "तारीख निश्चित आहे. ग्रामस्थांनी उपस्थित राहावे." मी पुन्हा लिहिले की ग्रामस्थ मालवण रस्त्यावर हद्दीच्या दगडाजवळ उपस्थित राहतील, साहेबांनी तिथवरच यावे. जावक क्रमांक ४१. हे पत्र त्यांना १६ तारखेला मिळाले. पत्र पोहोचण्याविषयी मी वर लिहिलेच आहे.

*

१४ डिसेंबरला सकाळी आठपासून मी हद्दीच्या दगडापलीकडे टेबल मांडून उभा होतो. चादर, शहाळी, झेंडूचा हार. अंगात मुंबईचा काळा कोट. लोकसंख्येचा तक्ता खिशात. सोबतीला कुणी आले नाही. गाव खाडीपलीकडच्या माळावर खोपी घालून होते आणि तिथे वडे तळले जात होते.

दहा वाजले. साडेदहा. माझ्या मते साहेब रस्त्याने येणार होते, कारण ते रस्ता पाहायला येणार होते. पण त्या रस्त्याने त्यांची जीप येईना. मग त्यांनी शेजारच्या बंदरातून होडी केली आणि ते समुद्राकडून खाडीत शिरून थेट आमच्या धक्क्यावर उतरले.

मला आरडाओरडा ऐकू आला. हार हातात घेऊन मी अर्धा मैल धावलो. टाचेसकट. हद्दीबाहेरच्या काठावरून बाबलीने मला होडीत घेऊन माळावर सोडले.

खाडीच्या अलीकडच्या तीरावर चारशे माणसे, दीडशे गुरे, आणि पलीकडे आमचे गाव. गावात एक माणूस. पांढरी टोपी, बगलेत कागद. तो एकेका घराच्या खळ्यात जाऊन हाक मारत होता.

"सायब! ओ सायब! आमी हयसर आसंव!" गाव ओरडत होते. खाडी तिथे रुंद आहे, आणि वारा समुद्राचा. साहेबांनी वळून पाहिले. हात हलवला. जत्रेतल्या माणसांना हलवतात तसा.

"आता तो आमच्या पडवेत बसलो," आक्का म्हणाली. ती खोपीच्या दारात उभी होती, दोन्ही हात डोळ्यांवर धरून. "पाण्याचो तांब्यो मी उपडो घालून इलंय. सायबाक पाणी कोण देतलो?"

"बाबल्या, होडी काढ!" मी म्हटले. माझा एक पाय होडीत होता.

गुरुदासाने माझा कोट मागून धरला. "गावात पाय टाकलंस तर पळण मोडली. परत कौल, परत तीन दिवस. चारशे माणसांचा रांधप तू करतलंस?"

"मी जातंय," आक्का म्हणाली. "मी म्हातारी, दुखण्याची. देव माका काय करतलो? पाणी देवन सांगान येतंय, गाव हयसर आसा म्हणान."

ती खरेच चार पावले पाण्यात गेली. लुगडे पोटरीपर्यंत भिजले. सगळे गाव माझ्याकडे पाहू लागले. मी आठ दिवस मानाच्या खालच्या पायरीवर बसलेला माणूस होतो.

"आक्का, माघारी ये," मी म्हटले. "लोक काय म्हणतले?"

ती माघारी आली. थोडा वेळ खोकली. मग म्हणाली, "वडो खा. थंड जाता."

पलीकडे बाबलीचा कोंबडा, जो पाटीतून उडून गावात परत गेला होता, साहेबांच्या मागोमाग घराघरातून हिंडत होता. तेवढाच आमच्यातर्फे हजर राहिला.

अहवालाची नक्कल मला नंतर मिळाली. ती मी जपून ठेवली आहे.

"मौजे काजरवणे येथे प्रत्यक्ष पाहणी केली. मनुष्यवस्ती आढळली नाही. एक कोंबडा आढळला. घरे उघडी असून चुली थंड होत्या; वस्ती उठून गेली असावी. मात्र खाडीपलीकडील माळावर सुमारे चारशे लोकांची वर्दळ दिसली. तेथे वाहतुकीची निकड स्पष्ट आहे. सबब मालवण ते सदर माळ अशी फेरी प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यास हरकत नाही."

*

आणि ती सुरू झाली.

फेब्रुवारीत, रोज सकाळी दहाला, निळी-पांढरी मोटार खाडीपलीकडच्या माळावर येऊ लागली. माळावर काही नव्हते. आमच्या खोपींचे खांब रोवलेली भोके होती. मोटार त्या भोकांना वळसा घाली, थांबे, कंडक्टर खाली उतरून चारी दिशांना पाही, घंटी मारी, आणि मोटार जाई.

गावात दोन तट पडले. गुरुदासाचे म्हणणे, हा देवाचा कौल : गाव माळावर हलवावे. बाबलीचे मत मोटारीविषयी एका दिवसात बदलले. आता मोटारीला जायचे तर होडी हवी होती.

"सरकारान पैसो घालूकच व्हयो," तो धक्क्यावर सांगू लागला. "आणखी दोन गाड्यो सोडूक व्हयो. माळार."

अडचण एकच होती. मोटार घड्याळाने येई आणि होडी भरतीने. दहा वाजता खाडीला पाणी आठवड्यातून तीन दिवस असे. बाकी दिवस चिखल.

तीन वेळा जमले. दोन मंगळवार, एक शुक्रवार. तिन्ही वेळा आम्ही दोघेच उतारू. आक्का खिडकीशी बसली. मालवण येईपर्यंत तिने माळ काढली नाही. पहिल्या दिवशी उतरताना कंडक्टरला म्हणाली, "बाबा, तुझी गाडी बरी आसा." तिन्ही तिकिटे तिने देव्हाऱ्यात देवाच्या पाटाखाली ठेवली.

चौथ्या वेळी सुकती लागली. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा पाणी होते, आणि अर्ध्या खाडीत ते निघून गेले. होडी चिखलात बसली. मी कोटात, आक्का घोंगडीत, बाबली काठी रेटत.

"गेल्या आठवड्यात ह्या वक्ताक भरती होती," बाबली म्हणाला. "समुद्राक घड्याळ नाय, मी काय करू?"

मोटार आली. आमच्यापासून शंभर हातांवर. तिने भोकांना वळसा घातला. कंडक्टरने उतरून चारी दिशांना पाहिले, आमच्याकडेही पाहिले. मी उभा राहून हात केला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. त्याने बराच वेळ वाट पाहिली. मग घंटी मारली.

"कोणासाठी मारता रे तो?" आक्काने विचारले.

"नियम आसा तसो."

"बरा. मारता तरी."

मोटार गेली. भरती यायला दुपार झाली. तोवर तिघे तसेच बसलो होतो. काठावर माणसे येऊन आम्हाला सल्ले देऊन जात होती. लवू सुतार म्हणाला, होडीला चाके लावावीत. मी कोटाची बटणे लावली. चिखलात बसलेल्या माणसाला प्रतिष्ठा सांभाळण्याचा तेवढाच मार्ग असतो.

आक्काला त्या रात्री ताप भरला. पुढच्या दोन सुया गेल्या. डॉक्टरांनी कागद पुन्हा नवा केला.

एप्रिलात पत्र आले : "प्रायोगिक फेरीस सहा आठवड्यांत एकूण उतारू सहा. फेरी तोट्यात असल्याने बंद करण्यात येत आहे. ग्रामस्थांच्या मागणीचा शासनाने सहानुभूतीने विचार केला होता, याची नोंद घ्यावी." मी नोंद घेतली. आवक बारनिशी मी कधी लिहिली नव्हती. ती त्या दिवशी सुरू केली.

*

मृग लागायच्या आत आक्का पुन्हा चालू लागली. मंगळवार आणि शुक्रवार. मी पाठीमागून जात असे, टाच दुखत असली तरी. ती व्हाळाशी बसे, घाटीशी बसे, मग प्रत्येक वळणावर बसे. एकदा गुरुदास वाटेत भेटला. त्याने तिला पाठुंगळी घेतले आणि घाटी चढवून दिली. श्रावणातल्या एका मंगळवारी ती पायरीपर्यंत आली आणि म्हणाली, "आज नको. शुक्रवारी जावया."

शुक्रवार तिने पाहिला नाही.

*

मोटार आली, १९६३ साली. मी काही केले नव्हते. व्हाळांवर नवे पूल झाले होते; बांधकामवाल्यांची दोन माणसे दुसऱ्याच कामासाठी लोखंडी साखळी घेऊन आली आणि जाता जाता आमचा रस्ता मोजून गेली. त्यांनी मला आकडा दिला. मी तो रकान्यात लिहिला. त्याच चष्म्याच्या साहेबांनी सव्विसाव्या दिवशी सही केली.

पहिल्या गाडीला गुरुदासाने नारळ फोडला आणि पुढच्या मानाच्या जागेवर बसला. बाबली धक्क्यावरच राहिला. मला लोकांनी खिडकीशी बसवले. मंगळवार होता. मालवणला उतरून, दुसरे काही सुचेना म्हणून, मी दवाखान्यात गेलो.

"कुणाची सुई?" कंपाउंडरने विचारले.

"कुणाची नाही," मी म्हटले. "गाडी सुरू झाली, ते सांगायला आलो."

साखळीने मोजलेले अंतर सात मैल दोन फर्लांग. दोन फुटांच्या पावलाने ती एकोणीस हजार एकशे चाळीस पावले होतात. एकशे आठ मण्यांच्या माळेवर एकशे सत्त्याहत्तर माळा आणि वर चोवीस मणी. पहिला अर्ज मी बुधवारी लिहिला होता. आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, पायरीवर पाय धुताना, आक्काने मला याच माळा आणि हेच मणी सांगितले होते.